पांढऱ्या चहाचे गुण आणि चहाची वेळ

किराणा दुकानातली चहाची फळी गेल्या पंधरा-वीस वर्षांत बरीच बदलली. पूर्वी तिथे चहा पावडरीचे दोन-चार पुडे आणि फार तर मसाला चहाची एखादी डबी असे. मग ‘ग्रीन टी’ आला आणि जिमला जाणाऱ्यांपासून मधुमेहाचे निदान झालेल्या आजोबांपर्यंत अनेकांच्या घरात शिरला. आता त्याच्या शेजारी ‘व्हाइट टी’, म्हणजे पांढरा चहा, येऊन बसला आहे. डबी लहान आणि किंमत मोठी. किलोचा हिशेब मांडला, तर साध्या चहाच्या कित्येक पट पैसे मोजावे लागतात. त्या बदल्यात जाहिराती सांगतात ते असे: वजन उतरते, त्वचा तरुण राहते, रक्तातली साखर आटोक्यात येते, हृदय सुरक्षित राहते आणि कर्करोगालाही आळा बसतो.

या दाव्यांपैकी काहींच्या मागे प्रयोग आहेत, काहींच्या मागे नुसती आशा आहे आणि काहींच्या मागे दोन्ही नाही. पांढरा चहा हे एक छान, हलके पेय आहे, यात वाद नाही. वाद आहे तो त्याला औषध म्हणून विकण्याबद्दल. या सगळ्या चर्चेत एक महत्त्वाचा प्रश्न मागे पडतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांसाठी चहाच्या रंगापेक्षा तो केव्हा प्यायला जातो, कशाबरोबर प्यायला जातो आणि त्यात किती साखर पडते, याला आरोग्याच्या दृष्टीने कितीतरी जास्त महत्त्व आहे.

झाड एकच, रंग अनेक

‘पांढरा चहा’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर दुधाळ चहा येतो. हा तो नव्हे. यात दूध नसते आणि कपात तो पांढरा दिसतही नाही, फिकट पिवळसर दिसतो. त्याचे नाव पडले ते पानांवरून. चहाच्या झुडपाची अगदी कोवळी, न उमललेली कळी बारीक रुपेरी लवेने झाकलेली असते. ती तशीच सुकवली की पांढरट दिसते.

पांढरा, हिरवा, उलाँग आणि नेहमीचा काळा असे सगळे चहा ‘कॅमेलिया सायनेन्सिस’ या एकाच वनस्पतीपासून होतात. (अंगणातला गवती चहा मात्र गवताच्या कुळातला. त्याचा चहाच्या झुडपाशी संबंध नाही.) फरक पडतो तो पान खुडल्यानंतरच्या प्रक्रियेत. हिरव्या चहाची पाने लगेच वाफवतात किंवा कढईत परततात. त्यामुळे पानातली विकरे निकामी होतात आणि पान हिरवे राहते. काळ्या चहासाठी पाने चुरगळतात आणि हवेतल्या ऑक्सिजनशी पूर्ण प्रक्रिया होऊ देतात, त्यातून त्याचा गडद रंग आणि कडक चव येते. पांढऱ्या चहाला यातले काही करत नाहीत. कळ्या आणि कोवळी पाने पसरून मंदपणे कोमेजू देतात आणि मग वाळवतात. चुरगळणे नाही, परतणे नाही.

या चहाचे माहेर चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरचा फुजिआन प्रांत, विशेषतः तिथले फुडिंग आणि झेंगहे हे भाग. नुसत्या कळ्यांपासून होणाऱ्या सर्वांत महाग प्रकाराच्या चिनी नावाचा अर्थ ‘रुपेरी सुई’ असा आहे. त्याची खुडणी वसंत ऋतूतल्या थोड्या दिवसांत, हाताने होते. किलोभर चहासाठी हजारो कळ्या खुडाव्या लागतात. आता दार्जिलिंग, आसाम आणि निलगिरीच्या मळ्यांतही पांढरा चहा तयार होतो. म्हणजे किंमत जास्त असण्याचे खरे कारण मजुरी आणि दुर्मीळपणा हे आहे. जास्त किंमत म्हणजे जास्त औषधी गुण हे समीकरण दुकानदाराच्या सोयीचे असले तरी त्याला आधार नाही.

फुजिआनच्या बाजारात एक म्हण चालते: पांढरा चहा पहिल्या वर्षी चहा, तिसऱ्या वर्षी औषध आणि सातव्या वर्षी ठेवा. जुना साठा जास्त भावाने विकण्यासाठी याहून चांगली म्हण शोधून सापडणार नाही. पण म्हण ही पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, मग ती चिनी असो वा मराठी.

‘अँटिऑक्सिडंट’ या शब्दाची जादू

पांढऱ्या चहाच्या बाजूने सर्वांत जास्त वापरला जाणारा शब्द म्हणजे अँटिऑक्सिडंट. तर्क असा: या चहावर प्रक्रिया सर्वांत कमी, म्हणून त्यात कॅटेचिन ही द्रव्ये सर्वांत जास्त टिकतात. शरीरातले ‘फ्री रॅडिकल’ पेशींना इजा करतात आणि कॅटेचिन त्यांना निष्प्रभ करतात. म्हणून जितके अँटिऑक्सिडंट जास्त तितके आरोग्य चांगले.

या साखळीतली पहिली कडीच कच्ची आहे. वेगवेगळ्या ठिकाणच्या चहांची तपासणी केली, तेव्हा पांढऱ्या चहात कॅटेचिन नेहमीच हिरव्यापेक्षा जास्त असतात असे दिसले नाही. झुडपाची जात, मळ्याची जागा, खुडणीचा हंगाम यांवरून हे प्रमाण इतके बदलते की काही हिरवे चहा पांढऱ्यांच्या पुढे असतात, तर काही पांढरे हिरव्यांच्या. डबीवरचा रंग वाचून आतल्या कॅटेचिनचा अंदाज बांधता येत नाही.

दुसरी कडी त्याहून कच्ची. कपात असलेले सगळे कॅटेचिन रक्तात पोहोचत नाहीत. आतड्यातून त्यांचा थोडाच भाग शोषला जातो, त्याचेही यकृतात लगेच रूपांतर होते आणि काही तासांत तो शरीराबाहेर जातो. प्रयोगशाळेतल्या काचपात्रात पेशींवर जेवढे द्रव्य ओतले जाते, तेवढे ते चहा पिणाऱ्याच्या रक्तात बहुधा कधीच नसते.

तिसऱ्या कडीची परीक्षा तर माणसांवरच झाली. १९९४ साली फिनलंडमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणारे पुरुष त्यात होते. बीटा-कॅरोटिन हे नावाजलेले अँटिऑक्सिडंट गोळीतून दिल्याने फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल, अशी अपेक्षा होती. झाले उलटे. गोळी घेणाऱ्यांत या कर्करोगाचे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी जास्त निघाले. अँटिऑक्सिडंट म्हणजे चांगलेच, हा समज तेव्हापासून शास्त्रज्ञांनी सोडला, पण जाहिरातींनी सोडला नाही. अमेरिकेच्या कृषी विभागाने खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची एक यादी प्रसिद्ध केली होती. हे आकडे विक्रीसाठी वापरले जात आहेत आणि त्यांचा मानवी आरोग्याशी थेट संबंध दाखवता येत नाही, म्हणून २०१२ मध्ये त्यांनी ती यादी संकेतस्थळावरून काढून टाकली. डब्यांवर मात्र तसलेच आकडे अजून दिसतात.

काचपात्रातून कपापर्यंत

वजन उतरण्याच्या दाव्यामागे प्रामुख्याने २००९ सालचा एक प्रयोग सांगितला जातो. जर्मनीतल्या सौंदर्यप्रसाधने बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या संशोधकांनी काचपात्रात वाढवलेल्या मानवी मेदपेशींवर पांढऱ्या चहाचा अर्क टाकला. नव्या मेदपेशी तयार होणे मंदावले आणि असलेल्या पेशींतली चरबी मोकळी होण्याची क्रिया वाढली. प्रयोग खोटा नाही आणि निष्कर्षही रंजक आहे. पण त्यात कोणी चहा प्यायला नव्हता आणि कोणाचेही वजन केले गेले नव्हते.

त्वचेबद्दलही तसेच. त्याच वर्षी लंडनच्या किंग्स्टन विद्यापीठात २१ वनस्पतींच्या अर्कांची तुलना झाली. त्वचेला ताण आणि लवचीकपणा देणारी प्रथिने तोडणाऱ्या विकरांना पांढऱ्या चहाचा अर्क सर्वांत चांगला रोखतो, असे दिसले. हेही परीक्षानळीतले. तिथून ‘पांढरा चहा प्या, सुरकुत्या टाळा’ इथवर पोहोचायला विज्ञानाला अजून बरीच मजल मारायची आहे. जाहिरातीने ती एका उडीत मारली.

माणसांवरच्या चाचण्या पांढऱ्या चहाच्या बाबतीत फारच थोड्या आणि लहान आहेत. त्यामुळे त्याचे विक्रेते हिरव्या चहाचे पुरावे उसने घेतात. ते तरी किती भक्कम आहेत? वैद्यकीय पुराव्यांची काटेकोर छाननी करणाऱ्या ‘कॉक्रेन’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ मध्ये हिरवा चहा आणि वजन यांवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या. जपानबाहेर झालेल्या चाचण्यांत हिरवा चहा घेणारे आणि न घेणारे यांच्या वजनातला सरासरी फरक निघाला ०.०४ किलो, म्हणजे ४० ग्रॅम. रुमाल खिशात ठेवून वजनकाट्यावर उभे राहिले तरी साधारण एवढा फरक पडतो. याच संस्थेने २०२० मध्ये हिरवा चहा आणि कर्करोग यांवरचे १४२ अभ्यास तपासले. चहाने कर्करोग टळतो, असे म्हणण्याइतका सुसंगत पुरावा त्यांना मिळाला नाही.

मोठे अभ्यास काय सांगतात

म्हणजे चहात काहीच नाही, असे म्हणणेही अन्यायाचे होईल. जपानच्या ओसाकी भागात ४० हजारांहून अधिक प्रौढांचा ११ वर्षे पाठपुरावा झाला. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. रोज पाच किंवा अधिक कप हिरवा चहा पिणाऱ्यांमध्ये एक कपाहून कमी पिणाऱ्यांच्या तुलनेत मृत्यूचे प्रमाण पुरुषांत १२ टक्क्यांनी आणि स्त्रियांत २३ टक्क्यांनी कमी होते. हा फरक मुख्यतः हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांतून आला. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत फरक दिसला नाही.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला ब्रिटनमधला अभ्यास तर महाराष्ट्रातल्या चहाबाजांना सुखावणारा आहे. जवळजवळ पाच लाख लोक, अकरा वर्षांचा पाठपुरावा. त्यांतले ८५ टक्के लोक चहा पीत होते आणि तोही बहुतांशी काळा चहा. रोज दोन किंवा अधिक कप पिणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ९ ते १३ टक्क्यांनी कमी आढळले. चहात दूध किंवा साखर घातल्याने या निष्कर्षात फरक पडला नाही.

दोन गोष्टी इथे ध्यानात ठेवायला हव्यात. एक, हे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. चहा पिणारे लोक इतर बाबतींतही वेगळे असू शकतात. चहामुळेच आयुष्य वाढले, असे यातून सिद्ध होत नाही. दोन, जो काही फायदा दिसला तो साध्या, स्वस्त चहातही दिसला. त्यासाठी फुजिआनच्या रुपेरी कळ्यांची गरज पडली नाही. मग पांढऱ्या चहासाठी वेगळे, जास्तीचे पैसे आरोग्याच्या नावाखाली का मोजावेत, याचे उत्तर विक्रेत्याने द्यायला हवे. आवडीसाठी मोजायचे तर गोष्ट वेगळी. हापूसही कोणी औषध म्हणून घेत नाही.

‘घेतले तर नुकसान काय?’

हा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे. गरम पाण्यात पाने घालून केलेला कप-दोन कप पांढरा चहा निरोगी माणसाला अपाय करत नाही. काही समज मात्र दुरुस्त करून घ्यायला हवेत.

पहिला समज असा की पांढऱ्या चहात कॅफिन नसते. ते असते. कीटकांपासून बचाव म्हणून झुडूप कोवळ्या कळ्यांतच भरपूर कॅफिन साठवते. कपात किती उतरते ते पानांचे प्रमाण, पाण्याची उष्णता आणि वेळ यांवर अवलंबून असते. झोप न येणाऱ्यांनी किंवा धडधड होणाऱ्यांनी रात्री हा चहा ‘हलका आहे’ म्हणून पिऊ नये. गर्भवतींनीही तो आपल्या दिवसाच्या कॅफिनच्या हिशेबात धरावा.

दुसरा समज म्हणजे अर्क आणि चहा एकच. बाजारात चहाच्या अर्काच्या गोळ्या आणि कॅप्सूल मिळतात, ‘चरबी जाळणाऱ्या’ पावडरींतही तो असतो. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये हिरव्या चहाच्या अर्काची तपासणी केली. त्यातल्या मुख्य कॅटेचिनचे प्रमाण दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त झाले की यकृताला इजा होत असल्याची चिन्हे रक्तात दिसू लागतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. नेहमीच्या पद्धतीने केलेला चहा मात्र सर्वसाधारणपणे सुरक्षित ठरवला गेला. पिण्याची वस्तू गोळीत कोंबली की तिचा स्वभाव बदलतो. उपाशीपोटी घेतलेल्या अशा गोळ्यांबाबत तर विशेष सावध राहायला हवे.

तिसरी गोष्ट उष्णतेची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंश सेल्सियसहून अधिक गरम पेये ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकली. धोका अन्ननलिकेला. इराणच्या गोलेस्तान प्रांतात ५० हजार लोकांचा अभ्यास झाला. ६० अंशांहून गरम चहा दिवसाला ७०० मिलिलिटरपेक्षा जास्त पिणाऱ्यांत अन्ननलिकेच्या एका कर्करोगाचा धोका सुमारे ९० टक्क्यांनी जास्त आढळला. चहा कुठलाही असो, टपरीवरचा कटिंग असो की चिनी किटलीतला, तो चार-पाच मिनिटे निवू द्यावा. बशीत ओतून पिणाऱ्या जुन्या पिढीच्या सवयीला लोक हसतात, पण अन्ननलिकेच्या बाजूने पाहिले तर त्या सवयीत काही चुकीचे नव्हते.

पांढऱ्या चहाच्या बाजूने एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. चहाचे झुडूप मातीतले फ्लोराइड शोषून जुन्या, जाड पानांत साठवते. कोवळ्या कळ्यांत ते कमी असते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड यांसारख्या जिल्ह्यांतल्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. पण तिथला उपाय शुद्ध पाणी हाच आहे. गावकऱ्यांना महागडा चहा पाजण्यात अर्थ नाही.

खरा प्रश्न वेळेचा

आता त्या मागे पडलेल्या प्रश्नाकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. म्हणजे ते घटण्याऐवजी वाढले. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत ते ६८.९ टक्के आहे. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत: अपुरा आणि एकसुरी आहार, पाळीतला जास्त रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणे, जंत. चहा हे त्यांतले मुख्य कारण नाही. पण जेवढे थोडे लोह ताटात आहे, तेही अंगी लागू न देण्याचे काम चहा करू शकतो.

याचे कारण रासायनिक आहे. ज्या पॉलिफेनॉलचे पांढऱ्या चहाच्या डबीवर कौतुक छापलेले असते, तीच द्रव्ये आतड्यात लोहाला धरून ठेवतात. भाज्या, डाळी, बाजरी-नाचणी यांतले लोह मांसातल्या लोहापेक्षा आधीच कमी शोषले जाते. त्यावर जेवणाबरोबर चहा आला की शोषण आणखी घटते. १९९९ मधल्या एका अभ्यासात पावाच्या जेवणाबरोबर काळा चहा दिल्यावर लोहाचे शोषण ७९ ते ९४ टक्क्यांनी घटले. दुसरीकडे, २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या निरोगी स्त्रियांवर झालेल्या एका लहान चाचणीत चहा जेवणानंतर फक्त एक तास उशिरा दिला, तर ही घट जवळजवळ निम्म्यावर आली. तासाभराच्या अंतराला काही पैसे पडत नाहीत.

आता महाराष्ट्रातली सकाळ पाहावी. शेतावर किंवा कामाला निघणारी बाई चहाबरोबर शिळी भाकरी किंवा चपाती खाऊन बाहेर पडते. लहान मुलाला शाळेत धाडताना चहात बुडवलेली चपाती, खारी किंवा बिस्किट दिले जाते. दुपारच्या जेवणानंतर सुस्ती घालवायला पुन्हा चहा. अंगणवाडीतून किंवा आरोग्य केंद्रातून मिळालेली लोहाची गोळीही कधी कधी त्याच चहाच्या घोटाबरोबर गिळली जाते. सरकार गोळी देते, आशाताई घरोघरी फिरून ती पोहोचवते आणि शेवटच्या क्षणी चहा तिचा बराचसा परिणाम काढून घेतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगितले आहे: जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी. दिवसाचे कॅफिन ३०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावे. चहाच्या एका कपात ते साधारण ३० ते ६५ मिलिग्रॅम असते. ही सूचना पांढऱ्या, हिरव्या, काळ्या अशा सगळ्या चहांना लागू आहे. तब्येतीसाठी म्हणून जेवल्याबरोबर पांढरा चहा घेणारी शहरी सून आणि भाकरीबरोबर कडक चहा घेणारी तिची गावची सासू, दोघींच्या आतड्यात लोहाच्या बाबतीत एकच गोष्ट घडते. फरक एवढाच की एकीने त्यासाठी जास्त पैसे मोजलेले असतात.

साखरेचा हिशेब

पांढऱ्या चहाचा सर्वांत मोठा फायदा कोणत्याही डबीवर लिहिलेला नसतो. तो म्हणजे तो बिनसाखरेचा प्यायला जातो. त्याची चव इतकी नाजूक असते की साखर घातली तर चहाच उरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेनुसार वरून घातलेल्या आणि तत्सम साखरेतून येणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी आणि पाच टक्क्यांच्या आत आली तर उत्तम. दोन हजार कॅलरी घेणाऱ्या माणसासाठी पाच टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम साखर. चहाचा एक सपाट चमचा चार ग्रॅमचा धरला, तर कपाला दोन चमचे आणि दिवसाला चार कप म्हणजे ३२ ग्रॅम. म्हणजे शिरा, बिस्किटे, शीतपेये बाजूलाच राहिली, नुसत्या चहातच मर्यादा ओलांडली गेली. पाहुण्याकडे अर्धा कप घ्यायला नाही म्हणता येत नाही, त्याचा हिशेब वेगळा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. अशा देशात रोजच्या चहातला एक चमचा साखर कमी होणे ही लहान गोष्ट नाही.

साखरेचे चार कप सोडून कोणी बिनसाखरेचा पांढरा चहा घेऊ लागला आणि त्याचे वजन थोडे उतरले, तर श्रेय कॅटेचिनचे नाही, न घातलेल्या साखरेचे आहे. आणि हा फायदा कोऱ्या चहातूनही मिळतो, आल्याच्या किंवा गवती चहाच्या काढ्यातूनही मिळतो. साखर एकदम बंद केली की चहा कडू लागतो आणि चार दिवसांत निश्चय मोडतो. दर पंधरवड्याला पाव चमचा कमी केली, तर जिभेला कळतही नाही.

मग घ्यावा की नाही?

ज्यांना परवडतो आणि आवडतो, त्यांनी पांढरा चहा जरूर घ्यावा. तो उकळू नये. उकळलेले पाणी थोडे निवू द्यावे, साधारण ८० अंशांवर आले की त्यात पाने घालून चार-पाच मिनिटे झाकून ठेवावीत. तीच पाने दोन-तीनदा वापरता येतात. दूध-साखर नको. जेवणापासून तासाभराचे अंतर ठेवावे. थायरॉइडची किंवा लोहाची गोळी पाण्याबरोबरच घ्यावी, चहाबरोबर नको. रक्त पातळ ठेवणारी किंवा रक्तदाबाची औषधे चालू असतील आणि चहा रोज भरपूर घ्यायचा असेल, तर डॉक्टरांच्या कानावर घालावे. आणि कोणतीही गोळी चहाच्या भरवशावर बंद करू नये.

ज्यांना परवडत नाही, त्यांनी आपण काही गमावतो आहोत असे मनात आणू नये. एका डबीच्या पैशांत घरात कित्येक दिवसांची पालेभाजी, अंडी, लिंबे आणि पेरू येतात. ताटावर पिळलेले लिंबू किंवा जेवणाबरोबरचा पेरू लोहाचे शोषण वाढवतो. म्हणजे चहा जे हिरावतो, ते लिंबू परत मिळवून देण्यास मदत करते.

विक्रेत्यांबाबत मात्र एवढी नरमाई नको. कर्करोग, मधुमेह, लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याने बंदी आहे. खाद्यपदार्थांवरचे दावे खरे, स्पष्ट आणि दिशाभूल न करणारे असावेत, असे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१८ चे नियम सांगतात. कायदे आहेत, वापर तुरळक आहे. ‘वजन नियंत्रणास सहाय्यक’ अशी मोघम शब्दरचना करून कंपन्या त्यांच्या कडेकडेने चालतात. मेदपेशींवरचा काचपात्रातला प्रयोग दाखवून चहा विकायचा असेल, तर हा प्रयोग माणसांवर झालेला नाही, हेही त्याच अक्षरांत छापायला लावावे. आणि प्रत्येक चहाच्या पुड्यावर, मग तो दहा रुपयांचा असो की हजाराचा, एक ओळ सक्तीची करावी: ‘जेवणाच्या आधी आणि नंतर एक तास चहा टाळा.’ मराठीत, ठळक. या एका ओळीने पांढऱ्या चहाच्या सगळ्या जाहिरातींपेक्षा जास्त बायकांचे हिमोग्लोबिन सुधारायला हातभार लागेल.